सहावी जागा आणि पूर्वसंचित

विदर्भात सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 1958 साली आर. एन. शुक्ल आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये टिपण प्रसिद्ध केलं. आदिवासींमध्ये, बौद्ध समाजात, तेली-कुणब्यांमध्येही हा आजार आढळतो. गडचिरोलीतल्या पाड्यात तसाच नागपूरच्या बेसा-घोगलीकडे नव्याने उभ्या राहिलेल्या सदनिकांतही तो निघू शकतो. ज्या घरात तो निघतो, तिथे डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर एक प्रश्न उरतो: आमच्याच लेकराला का? आणि उत्तरही बहुधा शेजारीपाजारी तयारच ठेवतात, की मागच्या जन्मीचं काही असेल. माझं म्हणणं असं, की हे उत्तर नुसतं अपुरं नाही, चुकीचं आहे. आणि ते का चुकीचं आहे हे रक्तातल्या प्रथिनाच्या एका जागेवर फार स्पष्ट दिसतं.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं ओळीने गुंफलेली असतात. कुठलं आम्ल कुठे बसायचं हे जनुकातली तीन-तीन अक्षरं ठरवतात. चार अक्षरांतून अशा 64 तिकड्या होतात. त्यांपैकी 61 वीस आम्लांसाठी आणि 3 साखळी थांबवण्यासाठी. सहाव्या जागेची तिकडी असते जीएजी आणि तिचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये तिथलं मधलं अक्षर बदलून जीटीजी होते आणि व्हॅलिन येऊन बसतं. बदल एवढाच. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिन तेलासारखं पाण्यापासून दूर सरू पाहतं. ही जागा प्रथिनाच्या पृष्ठभागावर आहे. रक्ताने ऑक्सिजन सोडला की हे उघडं पडलेलं व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या एका खोबणीत जाऊन अडकतं, त्याला तिसरं, चौथं चिकटत जातं, लांब कडक दोरे तयार होतात आणि गोल लवचीक पेशी विळ्याच्या आकाराची होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20 दिवस. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मूल वेदनेने किंचाळू लागतं.

आता हा बदल नेमक्या मधल्याच अक्षराचा होता, याकडे थांबून पाहायला हवं. जनुकीय संकेताची सगळी सारणी डोळ्यांपुढे ठेवली तर तिच्यात एक शिस्त दिसते. ज्या तिकड्यांचं मधलं अक्षर टी असतं (आरएनएमध्ये त्याच्या जागी यू येतो), त्या सगळ्या पाण्यापासून दूर राहणारी आम्लं देतात: फेनिलॲलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, मिथिओनिन, व्हॅलिन. मधलं अक्षर ए असलं की, थांबण्याच्या खुणा सोडल्या तर, बहुतेक आम्लं पाण्याशी जमवून घेणारी. तिसरं अक्षर चुकलं तर अनेकदा काहीच बिघडत नाही: जीएजीचं जीएए झालं तरी ग्लुटामिक आम्लच राहतं, जीएसी झालं तर ॲस्पार्टिक आम्ल येतं, तेही ऋणभारितच. पहिलं अक्षर बदलून एएजी झालं तर लायसिन येतं आणि हिमोग्लोबिन सी तयार होतं. त्याचा त्रास सिकलसेलपेक्षा पुष्कळ सौम्य. म्हणजे दुःखाची तीव्रता कुणाच्या पापाच्या वजनावर ठरत नाही. ती कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं अक्षर आलं आणि त्यामुळे आलेल्या आम्लाचा स्वभाव काय, यावर ठरते.

इथे श्रद्धावान माणूस एक चांगला आक्षेप घेतो. ही शिस्तच पाहा, तो म्हणेल; चुका सौम्य व्हाव्यात अशी सारणी कुणा दयाळू कर्त्याशिवाय झाली का? आक्षेपात तथ्यांश आहे. 1998 साली स्टीफन फ्रीलँड आणि लॉरेन्स हर्स्ट यांनी संगणकावर दहा लाख पर्यायी संकेत तयार करून पाहिले, तेव्हा चुकीचा फटका कमी करण्यात त्यांतला एकच निसर्गाच्या संकेताहून सरस ठरला. पण सारणी घडताना ज्या मांडणीत चुका कमी जीवघेण्या ठरल्या ती टिकली, एवढ्यानेही हे समजून घेता येतं. आणि या दयेचा लाभ कुणाला होतो तेही पाहिलं पाहिजे. हिवतापाच्या परोपजीवीच्या जनुकांतही हीच सारणी चालते. आजारी मुलाला जेवढं संरक्षण, तेवढंच त्याच्या रक्तात शिरलेल्या परोपजीवीला. ज्या व्यवस्थेला दोघांत फरकच करता येत नाही, तिला नैतिक न्यायाची व्यवस्था कशी म्हणायची?

कर्मसिद्धांताला याहून मोठी अडचण हिवतापानेच आणली आहे. 1954 साली ॲन्थनी ॲलिसन यांनी दाखवलं, की सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या, म्हणजे वाहक माणसाला गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळतं. म्हणूनच जंगलपट्ट्यांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. एका पणजीचा जीव त्याने वाचवला आणि दोन वाहकांच्या पोटी आलेल्या पणतूला त्याची दुप्पट मात्रा मिळाली. लाभ एका देहाला, किंमत दुसऱ्या देहाला. कर्मसिद्धांताचा सगळा न्याय मात्र कर्ता आणि भोक्ता एकच असण्यावर उभा आहे. इथे तर कर्ताच नाही. पणजीने काही केलेलं नव्हतं, ती फक्त वाचली होती.

यावर उत्तर येतं, की जनुक हे नुसतं साधन. जीवच आपल्या संचितानुसार तो गर्भ निवडतो. मग असं मानावं लागेल, की दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यात आजाराची शक्यता नेमकी चारात एक राहील अशा बेताने पापी जीव जन्म घेतात, आणि तेही मुख्यतः हिवतापाच्या पट्ट्यांतच. आणि हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढून मुलाच्या वेदना कमी झाल्या, तर संचित कुठे गेलं? जे स्पष्टीकरण कुठल्याही निकालाशी जुळवून घेतं, ते काहीच स्पष्ट करत नाही.

ऑक्टोबर 1956 मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच महिन्यात व्हर्नन इन्ग्रम यांचा सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमधला रासायनिक फरक नेमका दाखवणारा लेख ‘नेचर’मध्ये आला. हा योगायोग आहे, त्याहून अधिक काही नाही. पण 1957 साली, बाबासाहेबांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माविरुद्ध आनुवंशिकतेचाच आधार घेतला आहे: मूल गुण आईबापांकडून घेतं, बाहेरून आलेल्या आत्म्याच्या खात्यातून नाही. पूर्वकर्माच्या सिद्धांताने गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या अवस्थेच्या जबाबदारीतून राज्य आणि समाज सुटतात, हेही त्यांनी सांगितलं. सिकलसेलबाबत हे अक्षरशः खरं आहे. आजार प्रारब्ध ठरला, की तपासणी का झाली नाही, हे विचारायला कुणी उरत नाही.

कुणी म्हणेल, पूर्वसंचित काढून घेतलं तर दुःखी आईजवळ निव्वळ आंधळा योगायोग उरतो आणि तो अधिक क्रूर आहे. मला हे पटत नाही. संचिताने दिलासा मिळतो तो शेजाऱ्याला; आईच्या वाट्याला आपल्या लेकराने काही पाप केलं असेल ही शंका येते. पहिले काही महिने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं, मग दुखणं सुरू होतं, तेव्हा तर ती स्वतःच्या हातून काय चुकलं ते शोधत बसते. तिचं काहीही चुकलेलं नसतं. न्यायाधीशच नसेल तर गुन्हेगारही कुणी नाही. आणि जे कर्मसिद्धांत मानतात त्यांच्याही परंपरेत संचित आणि प्रारब्धाबरोबर क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून घडणारं कर्म, आहेच.

क्रियमाणाला इथे भरपूर जागा आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली, उद्दिष्ट 2047 चं. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांनीही रक्त तपासून घ्यावं. वाहक असणं हा आजार नाही आणि त्यावरून कुणा मुलीचं स्थळ मोडणं हा पत्रिकेतल्या दोषाइतकाच अन्याय आहे. जोडीदाराकडे सिकलसेलचं किंवा हिमोग्लोबिनचं दुसरं कुठलंही सदोष जनुक नसेल तर अपत्याला सिकलसेल आजार होत नाही. दोघेही वाहक निघाले तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते. लग्नाआधीच्या तपासणीतली पहिली, म्हणजे विद्राव्यता चाचणी, बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर होते.