हवा गावाकडची

ईपीएस-९५ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४पासून एक हजार रुपयांवरच आहे, हे वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं काढलेल्यांना मी काय सांगणार? या आठवड्यात माझं डोकं फिरवलंय ते हवेनं.

‘‘गावाकडं हवा चांगली असते हो, आई-बाबांना मानवेल.’’ गारखेड्यात हे वाक्य चक्क औषधाच्या दुकानात ऐकलं, तेही फोन स्पीकरवर टाकून. चांगली हवा सत्तरीनंतरच मानवते का? मग चिरंजीवांना हिंजवडीचा धूर कसा मानवतो? आणि आई-बाबांच्या फुफ्फुसांची काळजी नेमकी फ्लॅटचा हप्ता वाढल्यावरच कशी सुरू होते? कन्नडच्या पुढं हवा छान आहे, वादच नाही. त्या छान हवेत मध्यरात्री छातीत कळ आली, की घाटी रुग्णालय साठेक किलोमीटरवर. दर महिन्याच्या तपासणीलाही यायचंच. पंच्याहत्तरी उलटली असेल तर एसटी २०२२पासून फुकट, म्हणजे या हवेचा निम्मा खर्च सरकारच्या अंगावर.

शहर स्वस्त आहे असं मी म्हणत नाही. पैठणला नाथसागर काठोकाठ भरला तरी इथल्या नळाला पाणी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. सातारा-देवळाई या वस्त्यांत तर टँकरवाल्याचा नंबर पाठच लागतो. पेन्शनीत हे बसत नाही म्हणून काही म्हातारे आपणहून गाव धरतात. धरू देत. ‘शेतीवर लक्ष राहील’, ‘तिथं भावकी आहे’ हेही पाठवणाऱ्या मुलांकडून कानावर आलं, सोडून दिलं.

पैशासाठी पाठवत असाल तर पैशाचं नाव घ्या. वही काढा, हिशेब त्यांच्यासमोर मांडा, वरचा मजला भाड्यानं देऊन खाली त्यांना राहता येईल का ते त्यांनाच विचारा. घर बहुधा त्यांच्याच ग्रॅच्युइटीचं असतं. पोरं सांभाळत नसतील तर २००७च्या कायद्यानं निर्वाहासाठी प्रांताकडं दाद मागता येते. हवेबद्दलची तक्रार मात्र तिथं कुणी घेत नाही. आता, हिशेब मांडूनही उत्तर पुष्कळदा गावच निघतं, हेही खरं. निघू दे बापडं.

बंगल्यांची नावं वाचत फिरायची मला खोड आहे. मागच्या गल्लीतल्या ‘मातृछाया’वर परवा पाटी लागली: तळमजला भाड्याने देणे आहे, लहान कुटुंबास प्राधान्य.