अभावाचा दाखला

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. सुप्रीता आर्य, दीपक दास, रीना इंजिनियर आणि अवनीश सकलानी या चौघांनी सन २०१५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ रेडिओलॉजी अँड इमेजिंग’ या नियतकालिकात गुदाशयाच्या कर्करोगाच्या चित्रणावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, तो सर्वस्वी वैद्यकीय आहे आणि त्यात अध्यात्माचे एक अक्षरही नाही. तथापि आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके ज्याच्यावर वाद घातला, असा एक अत्यंत कठीण प्रश्न त्या प्रबंधाच्या तळाशी आहे असे मला तो वाचताना सतत वाटत राहिले. एखादी वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा तो प्रश्न.

गुदाशय हा मोठ्या आतड्याचा अखेरचा भाग. त्याच्याभोवती मेदाचे वेष्टन असते व त्या वेष्टनाला बाहेरून एक पातळ पडदा असतो. गाठ या पडद्यापासून एक मिलिमीटरहून अधिक दूर आहे की नाही, यावर शस्त्रक्रिया आधी करावी की किरणोपचार आधी द्यावेत, याचा पुष्कळसा निर्णय अवलंबून राहतो. आणि हे अंतर सुरी लावण्यापूर्वीच एमआरआयच्या साहाय्याने विश्वासाने मोजता येते, हे युरोपातील ‘मर्क्युरी’ या संशोधनाने २००६ मध्ये दाखवून दिले. टाटामधील लेखकांनी हीच विद्या येथील चिकित्सकांपुढे मांडताना तंत्राच्या शुद्धतेवर विलक्षण भर दिला आहे: चित्रे गाठीच्या अक्षाला काटकोनातच घ्यावीत, एमआरआयचे संकेत टिपणारे वेटोळे (कॉइल) शरीराच्या आत घालण्याची आता गरज नाही, शिरेतून द्यावयाच्या रंजकाचाही येथे उपयोग नाही.

येथवर प्रश्न अस्तित्वात असलेल्या वस्तूचा आहे. खरी कसोटी लागते ती पुढे. किरण व औषधे यांचा संयुक्त उपचार संपून काही आठवडे लोटल्यावर पुन्हा चित्र काढले, की काही रुग्णांत गाठीच्या जागी केवळ एक काळसर व्रण उरलेला दिसतो. अशा उपचारानंतर ज्यांची शस्त्रक्रिया होते, त्यांच्यापैकी सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांच्या कापून काढलेल्या भागात सूक्ष्मदर्शकालाही कर्करोगाची एक पेशी सापडत नाही. मग ती शस्त्रक्रिया कशासाठी केली? गाठ अगदी खालच्या बाजूला असेल, तर या शस्त्रक्रियेचे मोल म्हणजे मलविसर्जनासाठी पोटावरची कायमची पिशवी. साओ पाउलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २६५ रुग्णांपैकी ज्या ७१ जणांत रोगाचे चिन्ह उरले नव्हते त्यांना सुरी न लावता केवळ निगराणीखाली ठेवले, आणि त्यांचा वृत्तांत २००४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने अनेक देशांतील अशा ८८० रुग्णांची हकीकत छापली, तेव्हा दोन वर्षांच्या मुदतीत सुमारे चौघांपैकी एकाला त्याच जागी रोग पुन्हा उद्भवल्याचे दिसले. म्हणजे ‘काही दिसत नाही’ हे एकच वाक्य चौघांविषयी सारख्याच प्रामाणिकपणे उच्चारले गेले होते. तिघांच्या बाबतीत त्याच्या पोटी ‘नाही’ हे सत्य होते, चौथ्याच्या बाबतीत नव्हते.

आपल्या दर्शनकारांचा वाद नेमका याच पेचाचा. मीमांसक कुमारिल भट्टांनी सातव्या शतकात अनुपलब्धीला, म्हणजे वस्तूच्या न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले. भूतलावर घट नाही हे ज्ञान डोळा देऊ शकत नाही, कारण डोळ्याचा संबंध अस्तित्वात असलेल्या वस्तूशीच जडतो, असे त्यांचे म्हणणे. नैयायिकांनी अभावाचेही प्रत्यक्ष मानले. प्रभाकरांनी अभाव नावाचा निराळा पदार्थच नाकारून रिकाम्या भूतलावर समाधान मानले. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानाच्या हेतूंत बसविले. वाद असा चौफेर झाला, पण एका अटीवर सारे जवळपास एकत्र येतात: जी वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे तिच्या अभावाचा पुरावा होऊ शकते. पिशाच दिसत नाही म्हणून पिशाच नाही असे सिद्ध होत नाही, कारण पिशाच मुळात दर्शनाला योग्यच नाही. ही योग्यतेची अट मला भारतीय तर्कशास्त्राच्या सर्वोच्च नैतिक शोधांपैकी एक वाटते. कारण ती पाहणाऱ्याला विचारते, की तुझ्या पाहण्याची शक्ती केवढी होती, याचा हिशेब तू आधी दिलास काय?

किरणचित्रणाचे अवघे संशोधन म्हणजे या योग्यतेचा विस्तार होय. पेशी जेथे दाटीवाटीने वसतात तेथे पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते, आणि एमआरआयच्या एका विशेष पद्धतीत तेवढाच भाग उजळून दिसतो; उपचारानंतरच्या फेरतपासणीत या पद्धतीचे मोल असू शकते, असे आर्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपून म्हटले आहे. काल जे पिशाच होते ते अशा रीतीने आज घट होते. तरी मिलिमीटरहून लहान असा पेशींचा पुंजका यंत्रासाठी अद्याप पिशाचच आहे, आणि ज्याला हे ठाऊक आहे तोच चिकित्सक ‘दिसत नाही’ येथे थांबतो. कुमारिलांचा पक्ष मला येथे अधिक सबळ वाटतो. पडद्यावर व्रण दिसतो, अभाव दिसत नाही. तो अभाव, काय दिसायला हवे होते याच्या दीर्घ अभ्यासातून जाणावा लागतो.

आमच्या वसई-विरारच्या मातीतच या अटीचे एक उदाहरण पडून होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या संशोधनामुळे १८८२ मध्ये सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षे दुसरा तुकडा कोणाला मिळाला नव्हता. पण त्या अवधीत ‘सोपाऱ्यास दुसरा लेख नव्हता’ असा दाखला कोणी दिला असता, तर तो अयोग्य अनुपलब्धीवर दिलेला दाखला ठरला असता, कारण १९५६ मध्ये सोपाऱ्याजवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आणि हा नववा लेख आहे तरी कशाविषयी? आजारपणात, विवाहात, पुत्रजन्मात, प्रवासाला निघताना लोक जी नाना मंगलकृत्ये करतात त्यांविषयी. सम्राट म्हणतो की अशा विधींचे फळ संशयास्पद आहे. दासांशी व नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, हे धर्ममंगल मात्र खात्रीचे आहे.

विरारहून लोकल पकडून जाडजूड फाइल छातीशी धरून परळला जाणारी माणसे येथे नवलाची नाहीत. आजारपणातली मंगलकृत्ये तेही करतात: त्यांच्यापैकी कोणी विरारच्या जीवदानी देवीच्या पायऱ्या चढण्याचा नवस बोललेला असतो, कोणी आपल्या चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरलेली असते. ‘डॉक्टर, सगळं गेलं ना?’ हा त्यांचा प्रश्न असतो, आणि ‘रिपोर्ट क्लीन आहे’ एवढे कानी पडले की घरी पेढे वाटले जातात. या आनंदावर विरजण घालावे असे मला मुळीच वाटत नाही. परंतु भक्ती जेव्हा ज्ञात्याकडून ‘नाही’ या शब्दाची मागणी करू लागते आणि ज्ञाता दयेपोटी किंवा घाईने तो शब्द देऊन टाकतो, तेव्हा दोघांचेही सत्त्व जाते असे माझे निश्चित मत आहे. प्रामाणिक ज्ञानाने आपली हद्द आखून दिल्यावर तिच्या पलीकडे जे मोकळे रान उरते तेथे श्रद्धेचा खरा अधिकार चालतो. हद्दीच्या आत तिने मुखत्यारी मागू नये.

अभावाचे ज्ञान नेहमी अमुक ठिकाणी, अमुक वेळी असेच असते. ‘येथे आता घट नाही’ यात ‘येथे’ आणि ‘आता’ ही पदे गाळता येत नाहीत. निगराणीतील रुग्णाला पहिली दोन वर्षे दर काही महिन्यांनी पुन्हा तपासणीस बोलावतात, ते याच कारणाने; मागच्या तारखेचा दाखला आजच्या तारखेला चालत नाही. बहुतेक पुनरुद्भव याच दोन वर्षांत आणि आतड्याच्या भिंतीतच होतो, म्हणून तो वेळीच हाती लागून शस्त्रक्रियेचा मार्ग खुला राहण्याची शक्यता मोठी असते, हे रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे. काय शोधले, ते केवढे असते तर दिसले असते, आणि केवढे असूनही लपले असते, हेही त्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. इतके ऐकूनही एखादा म्हणेल, की मला हे वाट पाहणे सोसवत नाही, पिशवी चालेल, पण शस्त्रक्रिया करून टाका. त्याची श्रद्धा निगराणी पत्करणाऱ्या शेजाऱ्याहून उणी आहे असे त्याला घरच्यांनी वा धर्मोपदेशकांनी कधीही भासवू नये. कारण एकाच प्रामाणिक ‘दिसत नाही’ला त्या दोघांनी आपापल्या बळानुसार दिलेली ती दोन उत्तरे आहेत, आणि त्यांतले अधिक धार्मिक कोणते हे ठरविण्याची योग्यता तिऱ्हाइताच्या दृष्टीत नाही.