शुभवर्तमान कोणाला शुभ?

आगमनकाळ लागला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून "आनंद करा" असा उपदेश सुरू होतो. ऐकणाऱ्यांपैकी एकाचे पीक बुडालेले असते, दुसऱ्याच्या घरी दुखणे असते, तिसरा कर्जात असतो. आणि तो मनात म्हणतो, आनंद काय आज्ञेने होतो? हा प्रश्न अविश्वासाचा नव्हे. त्याला सरळ उत्तर देणे उपदेशकाला प्राप्त आहे.

प्रथम आपल्या भाषेतील शब्दाकडेच पाहावे. आपण 'शुभवर्तमान' म्हणतो. वर्तमान म्हणजे घडलेल्या गोष्टीची खबर. उपदेश आपण काय करावे हे सांगतो. वर्तमान दुसऱ्या कोणी काय केले हे सांगते. १९७६ साली आपल्या देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला, व ज्या कर्जापायी मजूर बांधला गेला होता ते फेडण्याचे बंधन त्या कायद्याने रद्द झाले. ही खबर ज्या मजुराच्या कानी पडली असेल, त्याला "आता आनंद कर" असे शिकवावे लागले असेल काय? त्याने एवढेच विचारले असेल की, हे खरे आहे ना? बेथलेहेमाच्या रानातील मेंढपाळांचेही असेच झाले. दूताने मोठ्या आनंदाची बातमी सांगताच (लूक २:१०) ते घडलेली गोष्ट पाहावयास घाईने निघाले. आणि पीक बुडाले म्हणून घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही. तेव्हा मंडळीत आनंद दिसत नसेल, तर लोकांस दोष देण्यापूर्वी उपदेशकाने स्वतःस विचारावे की, मी त्यांना बातमी दिली, की नुसते हुकूम दिले?

परंतु येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. एकाला शुभ असलेली खबर दुसऱ्याला कडू लागते. त्या कायद्याची बातमी मजूर बांधून ठेवणाऱ्या धन्याला गोड वाटली नसावी. शुभवर्तमान ह्या अर्थाचा मूळ ग्रीक शब्दही पूर्वी राजदरबारात वावरलेला आहे. आशियातील प्रीएने नगरात सापडलेल्या ख्रिस्तपूर्व ९ मधील एका शिलालेखात औगुस्त कैसराच्या जन्मदिवसाशी तो जोडलेला आढळतो. कैसराच्या राज्यात ज्यांची भरभराट झाली त्यांना ते वर्तमान शुभ असेलही. पण त्याच औगुस्ताच्या हुकमाने गरोदर मरीयेला नावनिशीसाठी दूरची वाट चालावी लागली. दूत मात्र म्हणतो, ही बातमी सर्व लोकांसाठी आहे. मग ती लुबाडणाऱ्यालाही शुभ आणि लुबाडलेल्यालाही शुभ, हे कसे?

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी पुष्कळ मंडळ्यांत योहानाविषयीचा पाठ वाचतात. लूकाच्या तिसऱ्या अध्यायात तो दोन अंगरखे असणाऱ्याला एक देऊन टाकावयास सांगतो, जकातदारांना व शिपायांना कानपिचक्या देतो, आणि येणाऱ्याच्या हाती सूप आहे असा इशारा देतो. एवढे कठोर बोलणे झाल्यावर अठराव्या वचनात लूक ह्यालाच सुवार्ता म्हणतो! विद्वान येथे अडखळतात. आमचे शेतकरी बंधू अडखळणार नाहीत असे मला वाटते. उफणणीचा दिवस खळ्यावर दुःखाचा असतो काय? वारा सुटला म्हणजे घरधनी हर्ष करतो. आणि भूस काही परक्या शेतातून आलेले नसते. ज्या कणसात दाणा भरला त्याच कणसाचे ते असते. योहानाने जकातदाराला धंदा सोड असे म्हटले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नकोस एवढेच म्हटले. उफणावयाचे ते एवढेच. माणसाला वाऱ्याचे भय वाटते, कारण भुसालाच तो आपला दाणा समजून बसलेला असतो.

नाताळच्या भजनात ज्याचा आवाज सर्वांहून मोठा, त्याच्याच पेटीत शेजारच्या विधवेच्या जमिनीचा गहाणकागद असावा, असे आपल्या मंडळ्यांतही कोठे कोठे घडते. त्याने गाऊ नये असे मी म्हणत नाही. त्याचा आनंद खरा असेल तर तो कागद पेटीत फार दिवस राहणार नाही.

यरीहोचा जक्कय ह्याची साक्ष देतो (लूक १९). त्याने प्रभूचे आगत-स्वागत आनंदाने केले, असे सहाव्या वचनात लिहिले आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची गोष्ट आठव्या वचनात येते. प्रभूने त्याच्याजवळ हिशेब मागितलेला नव्हता. पुढे काय झाले ते शास्त्र सांगत नाही. पण त्याने शब्द पाळला असेल, तर काही दिवसांनी त्या गावच्या कित्येक दारांत मुख्य जकातदार पैशाची पिशवी घेऊन उभा राहिला असेल. आतल्या माणसांनी भिऊन प्रथम कडी लावून घेतली असेल, की हा आता आणखी काय मागावयास आला! मग त्याने ओट्यावर बसून पैसे मोजावयास आरंभ केला असेल.