मागचा आवाज

खरं बोलावं, याबद्दल माझा कुणाशी वाद नाही. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसात वाद घालायची उमेदही उरत नाही. पण गेल्या दिवाळीपासून एक प्रश्न मला छळतो आहे. समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोललं आणि त्यानेही आपल्याला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हटलं, तर हिशेब जुळला म्हणायचा की नाही? बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं, की एक चूक दुसऱ्या चुकीला बरोबर फेडत असेल तर ताळेबंद जुळतो. वह्या मात्र चुकीच्याच असतात. परीक्षेत हे मी पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. आयुष्यात लागेल असं वाटलं नव्हतं.

प्रश्नाचं मूळ आमच्या नवी पेठेतल्या घरी, टीव्हीखालच्या कपाटात आहे. तिथे एक अॅम्प्लिफायर आहे. पुढे तीन डबे, मागे दोन, आणि कोपऱ्यात एक घुमणारं ठोकळं. 2006 साली मी या वस्तूसाठी झुरत होतो, तेव्हा अण्णांनी आपली मुदत ठेव मोडली. गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाची ठेव! अर्ज आला तो माझ्याच काउंटरवर, आणि मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजातून एक टक्का कापला तोही मीच. नियम म्हणजे नियम. अण्णांनी सही करताना फक्त एवढंच विचारलं, “मागनं आवाज येतो म्हणतोस, तो शोलेसारखा का?” 1975 साली ‘शोले’ सत्तर एमएमच्या पडद्यावर सहा ट्रॅकचा आवाज घेऊन आला होता. त्यातलं नाणं पडलं की लोक खुर्चीखाली वाकून बघत, असं अण्णा आजही सांगतात. स्वतः वाकले होते का, हे सांगत नाहीत.

डीव्हीडीच्या जमान्यात अण्णांचे पैसे वसूल झाले. मग नवा टीव्ही आला, त्याच्या पाठीत बोटाएवढी स्टिक खोचली, आणि मागचे दोन डबे मुके झाले.

चौकशीअंती कळलं ते असं. आमच्या अॅम्प्लिफायरला एचडीएमआयचं भोकच नाही. टीव्हीतून आवाज आणायला उरली ती ऑप्टिकल वायर, जिच्या टोकाला तांबडा उजेड दिसतो आणि मुलं डोळ्याला लावतात. ही वायर सीडीच्या काळातली. तिच्यातून साधा, न दाबलेला आवाज दोनच वाटांनी जातो. सहा वाटांचा पाठवायचा तर गाठोडं बांधून पाठवावा लागतो. जुन्या अॅम्प्लिफायरला डॉल्बी डिजिटलचं गाठोडं सोडता येतं. स्टिक मात्र बऱ्याचदा डॉल्बी डिजिटल प्लस नावाचं नव्या गाठीचं गाठोडं देते, ते त्याला सुटत नाही. म्हणून टीव्ही शहाणपणाने सगळं दोन वाटांत ओतून मोकळा होतो. आमच्या शाखेत नवी संगणक प्रणाली आली तेव्हा जुन्या हेडक्लार्कचं जे झालं, तेच हे. माणूस हुशार होता, पण कागद त्याच्यापर्यंत पोचेचना.

दुरुस्तीवाल्याने येऊन एक बटण दाबलं. “हे प्रो लॉजिक लावलंय बगा काका. मागनं येतंय की आता!” आलं खरं, थोडंसं. ही युक्ती मला फार आवडली. डाव्या आणि उजव्या वाटेत जे सारखं असतं ते मधल्या डब्यात जातं, आणि ज्यावर दोघांचं जमत नाही ते मागे पाठवतात. आमच्या संसारातही हेच आहे. मी आणि सौ. ज्यावर एकमत असतो ते दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर बोलतो. बाकीचं मागे, स्वयंपाकघरात.

मी अण्णांना सांगून टाकलं, “झालं चालू. मागनं येतंय ना?”

अण्णा क्षणभर थांबले. “येतंय की.”

आता खरी गंमत. अण्णा बघतात ते सगळे काळे-पांढरे सिनेमे. त्यांचा आवाज एकाच वाटेचा. डावं-उजवं अगदी तंतोतंत सारखं, म्हणजे आमच्या यंत्राच्या नियमाने सगळं मधल्या डब्यात आणि मागे शून्य. हे मला फार उशिरा उमगलं. एका रविवारी अण्णा 1953 सालचा अत्र्यांचा ‘श्यामची आई’ बघत होते. मी सहज विचारलं, तर म्हणाले, “मागनं पाखरं छान बोलतायत.” मी मागच्या डब्याला कान लावून आलो. डबा गार. ‘श्यामची आई’समोर बसून बाप खोटं बोलतोय, आणि ते मुलाच्या खोट्याला जपायला! मला भरून आलं. मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याला मनातल्या मनात संस्कार असं नावही दिलं.

चार महिने असे गेले. मग चिरंजीवांनी रिमोट हातात घेऊन टीव्हीच्या पोटात शिरून ‘पीसीएम’ होतं तिथे ‘डॉल्बी डिजिटल’ केलं. दोन मिनिटांचं काम. आमचा टीव्ही नवं गाठोडं सोडून जुन्या पद्धतीने बांधून देतो, हे त्याच्या पुस्तकात छापलेलं होतं. पुस्तक मी जपून ठेवलं होतं, वाचलं नव्हतं. एक नवीन मालिका लावली. त्यात कुणीतरी दार ढकललं, आणि आमच्या मागच्या भिंतीतून करकर आली.

अण्णा खुर्चीत गर्रकन वळले. “सूनबाई, कोण आलंय बघ गं!”

कुणी आलं नव्हतं. मी हसत हसत सगळं सांगितलं: तांबडी वायर, गाठोडं, प्रो लॉजिक, पाखरं. अण्णा हसले नाहीत. बराच वेळ मागच्या डब्याकडे बघत राहिले.

“म्हणजे इतके दिवस त्यातनं येतच नव्हतं?”

“नाही.”

“मला वाटलं, माझे कान गेले.”

मग उठून आपल्या ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद आणला. त्याला टाचणीने कानाच्या मशीनची किंमत लिहिलेली चिठ्ठी लावली होती. खाली आमच्याच बँकेचा, मुदत ठेव मोडण्याचा अर्ज होता. सही केलेली, तारखेची जागा कोरी. “सोमवारी तुझ्याकडंच येणार होतो,” अण्णा म्हणाले, “हे फाडून टाक. आणि ते दार परत एकदा वाजव बघू.”