भूक कोणाची?

(बोलणारे दोघं कल्पित आहेत, औषधं, कायदा आणि आकडे खरे. ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया; दीड वर्ष रात्री ओलान्झापिनची गोळी चालू आहे. सकाळची वेळ, पुण्याची महात्मा फुले मंडई, भावाच्या हातात दोन पिशव्या.)

भाऊ : उकडलेल्या शेंगा घेऊ का पावशेर?

ताई : आत्ता दोन बशा पोहे खाऊन निघालास.

भाऊ : पोट भरलंय हे कळतं गं. तरी भूक लागते. तू जेवून उठतेस, चूळ भरतेस, विषय संपतो. मी चूळ भरून परत पोळ्यांच्या डब्याशी येतो.

ताई : म्हणूनच म्हणते, गोळीचं डॉक्टरांशी बोलू. अडुसष्ट किलो होतास, सत्त्याऐंशी झालास. बाबा मधुमेहानं गेले, विसरलास?

भाऊ : आणि आवाज? तुला ऐकू येत नव्हते, म्हणून तुझ्या हिशेबात धरायचेच नाहीत? या मंडईत मला पाय ठेवता येत नव्हता. गाळ्यावरनं कुणी 'मेथी घ्या, मेथी' ओरडलं तरी ते माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटायचं. आज ती नुसती मेथी आहे.

ताई : गोळी बंद कर असं मी कुठं म्हणते? ही मंडई बांधायची ठरली तेव्हा नगरपालिकेत जोतीरावांनी विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर घाला म्हणाले. लोकांनी भाजी विकू नये असं काही त्यांचं म्हणणं नव्हतं. खर्च कुठं चाललाय, एवढंच ते विचारत होते. तेवढं मलाही विचारू दे.

भाऊ : खर्च माझ्या अंगावर पडतोय. सही माझी पाहिजे.

ताई : अंगावर तुझ्या. पण उद्या पायाची जखम भरेना झाली तर ड्रेसिंग कोण करणार? मीच ना? म्हणून फराळाच्या कपाटाला कुलूप लावलं.

भाऊ : कुलूप मला लावलंस की गोळीला?

ताई : गोळीला. ती भूक तुझी नाहीच. मेंदूत हिस्टामिन आणि सेरोटोनिन जिथं काम करतात, त्यातल्या काही जागा ही गोळी अडवते आणि पोट भरल्याचं समाधान होत नाही. साखरेचं गणित बिघडतं ते वेगळंच.

भाऊ : बरं. मग ही शांतताही गोळीचीच. भूक गोळीच्या नावावर आणि शहाणपण माझ्या नावावर, असा सोयीचा सातबारा कसा काय करतेस?

(ताई गवार निवडत राहिली. मला भावाचा मुद्दा बिनतोड वाटतो. औषधानं आलं ते परकं आणि आधीचं ते खरं, असा हिशेब घरोघरी चालतो. पण आवाज तर कुठल्याही औषधाशिवाय येत होते. तेव्हाचा तो जास्त खरा होता का?)

ताई : ठीक आहे. दोन्ही तुझ्या नावावर. कुलूप काढते. पण भूक तुझी, तर तिच्यावर लक्ष ठेवायचं कामही तुझं. दीड वर्षात तुझी कंबर कुणी मोजली? साखर?

भाऊ : डॉक्टर झोपेचं विचारतात. आवाजांचं विचारतात.

ताई : 2004 सालीच अमेरिकेतल्या मधुमेहाच्या आणि मानसोपचाराच्या संघटनांनी मिळून ठरवून दिलंय. गोळी सुरू करतानाच वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातली चरबी पाहायची. वजन 4, 8 आणि 12 आठवड्यांनी परत, रक्तदाब, साखर आणि चरबी 12 आठवड्यांनी, कंबर वर्षानं. आपल्याला तर नुसत्या वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. केईएमच्या डॉ. याज्ञिकांचा तो फोटो पाहिलायस? ते आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी डॉ. युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, आपल्या पुण्याच्या डॉक्टरांची 21.2. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरवर गेली की सावध व्हायचं, बाईची 80 वर.

भाऊ : आणि निघाली शंभर, तर गोळी काढणार तू.

ताई : मी कोण काढणार? 2005 साली अमेरिकेतली एक मोठी चाचणी छापून आली. तिच्यात ओलान्झापिनवाले आपल्या औषधावर सगळ्यांत जास्त काळ टिकले. वजनही त्यांचंच सगळ्यांत वाढलं.

भाऊ : फिनलंडचं मी वाचलंय. 11 वर्षांच्या नोंदी, 2009 साली आल्या. क्लोझापिन वजन वाढवण्यात पहिल्या रांगेतलं, तरी ते घेणाऱ्यांत मृत्यू सगळ्यांत कमी. काहीच न घेणारे जास्त दगावले.

ताई : आणि तरीही या आजाराची माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, त्यातली बरीचशी हृदयासारख्या शरीराच्या दुखण्यांनी. तेही धर. मधले रस्ते आहेत रे. मेटफॉर्मिन जोडीला देतात, त्यानं वजन थोडं आवरतं. ॲरिपिप्राझोल, लुरासिडोन वजन कमी वाढवतात.

भाऊ : बदलताना आवाज परत आले तर?

ताई : येऊ शकतात. नाही म्हणणार नाही.

भाऊ : हे बोललीस ते बरं केलंस. मग ती जोखीम घ्यायची का, कधी घ्यायची, ते मी ठरवणार. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहून ठेवता येतं. ठरवण्याच्या स्थितीत नसलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, ते. प्रतिनिधी म्हणून तुझं नाव घालतो.

ताई : आणि तुझं लिहिलेलं मला पटलं नाही तर?

भाऊ : म्हणून तर लिहून ठेवायचं. तुला पटणारंच असतं तर कागद कशाला हवा होता?

ताई : उद्या उपाशीपोटी लॅबला ये. गोळी आज रात्री नेहमीसारखी घे.

(मी भावाच्या बाजूचा आहे, पण तपासण्यांपुरता ताईच्या. आपल्या घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, कमीही करू नका. डॉक्टरांच्या पुढच्या तारखेला तीन गोष्टी विचारा: कंबर, रक्तदाब, साखर. विचारायचं मात्र ज्याची गोळी आहे त्याला बोलू द्या.)