उद्यासाठी आज हरावे काय?

उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीत तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान मिळण्याची संधी अधिक असते. मग दुबळ्या संघाने बाद फेरीसाठी झगडावे, की उद्याच्या आशेने आज हरावे? नवख्यांना उतरवून हरणे आम्हांस मान्य आहे. ठरवून हरणे मात्र नाही. कारण आज मैदानावर घाम गाळणाऱ्याला उद्याच्या संघात बहुधा जागाच नसते.

आम्हां वऱ्हाडकरांना हा हिशेब तसा परकाच. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा विदर्भ साठ वर्षे करंडकाविना राहिला. त्या पराभवांचे बक्षीस कोणी दिले नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूरला दिल्लीविरुद्धचा पहिलावहिला अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा अकोल्याच्या एकोणीस वर्षांच्या आदित्य ठाकरेने त्यातच पदार्पण केले. विदर्भ नऊ गडी राखून जिंकला.