आधी विचारपूस, मग भाव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहत एक मुलगा मोठा झाला. वडिलांची अडत होती. पोत्यातून मूठभर हळकुंडं काढायची, एक मोडून आतला रंग बघायचा आणि समोरच्यानं आकडा उच्चारायच्या आत आपला आकडा मनात पक्का करायचा, हे त्याला शाळकरी वयातच जमू लागलं होतं. पुढे शिकून तो हिशेबनीस झाला आणि टांझानियातल्या दार-एस-सलाम शहरात एका कंपनीत नोकरीला लागला. राहायची सोय उपांगा भागात झाली. तिथे भारतीय वस्ती जुनी आहे.

आधीपासून राहणाऱ्या मराठी मंडळींनी त्याला बजावलं, "भाजी सुपरमार्केटमधूनच घे. कारियाकोला एकटा जाऊ नकोस. खिसे कापतात, आणि आपल्याला पाहिलं की भाव दुप्पट सांगतात."

पण बाजार हे ज्याचं अंगण, तो बाजाराला कसा भिणार? शनिवार आला की पिशवी घेऊन तो निघायचाच.

कारियाको हा दार-एस-सलामचा सर्वांत मोठा बाजार. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी फौजेचं सामान वाहायला हजारो आफ्रिकी माणसं धरून आणली होती. त्सेत्से माशीच्या रोगानं बैल-घोडे मरत, म्हणून धान्य आणि दारूगोळा माणसांच्या डोक्यावरून जाई. कित्येक जण वाटेतच आजारानं गेले. या हमालांच्या दलाला इंग्रजीत ‘कॅरिअर कोअर’ म्हणत. त्यांचा तळ इथे होता, त्यावरून या वस्तीचं नाव कारियाको पडलं. पुढे 1970 च्या दशकात बेडा अमुली या टांझानियन वास्तुविशारदानं इथे काँक्रीटच्या उलट्या छत्र्यांचं छप्पर असलेली मंडईची इमारत उभी केली. बाजार मात्र त्या इमारतीत कधीच मावला नाही. तो म्सिंबाझी रस्त्यावर, काँगो रस्त्यावर, गल्लीबोळांत ओसंडत राहिला.

पहिल्यांदा गेला तेव्हा त्या तरुणाला पाय ठेवायला जागा सापडेना. कपड्यांचे ढीग, बादल्या, मोबाइलची कव्हरं, केळ्यांचे हिरवे घड, नारळ, लवंगा, सुकवलेल्या बारीक दागा माशांचा उग्र वास. हातगाडीवाले ओरडत थेट अंगावर येत होते. कुठे काटा नाही, कुठे भावाची पाटी नाही. ‘याला काय बाजार म्हणायचा?’ असं त्याच्या मनात आलं.

एका कोपऱ्यात एक म्हातारी गोणपाटावर टोमॅटो मांडून बसली होती. खाली तीन, वर एक, असे नेटके वाटे. तिथे वाट्याला फुंगू म्हणतात आणि वयस्क बाईला बीबी. बीबीनं मान वर करून हसत विचारलं, "हबारी?" म्हणजे काय खबर, बरं आहे ना? तरुणानं ते कानाआड केलं. एक टोमॅटो उचलला, दाबून पाहिला आणि म्हणाला, "बेई गानी?" काय भाव?

"दोन हजार शिलिंग."

एवढ्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली. "शिकामो, बीबी," म्हणाली. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार. "मराहाबा," बीबीनं तो स्वीकारला. मग आईचा गुडघा कसा आहे, भाऊ परीक्षेत पास झाला का, अशी दोघींची बोलणी झाली. मुलीनं एक फुंगू घेतलं आणि हजार शिलिंग देऊन निघून गेली.

तरुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंडळी सांगत होती ते खरंच म्हणायचं! त्यानं हुज्जत घातली, घासाघीस केली आणि बाराशेवर सौदा पटवला. जिंकल्यासारखा घरी आला. पुढच्या शनिवारीही तेच झालं. बीबी दोन हजार सांगायची, हा भांडून खाली आणायचा. दर वेळी पिशवी भरायची, पण त्या बाजारात कुणी त्याला ओळख दाखवली नाही.

एका शनिवारी तो पोहोचला तेव्हा दुपारची बांग झाली होती आणि बीबी नमाजाला गेली होती. तिच्या गोणपाटावर टोमॅटो तसेच मांडलेले, राखणीला कुणी नाही. शेजारी एक तरुण बाई बसली होती. तिच्यापुढेही टोमॅटोच होते. त्याला वाटलं, आता ही आपला माल गळ्यात मारणार. व्यापारात संधी कोण सोडतो?

ती बाई उठली. बीबीच्या गोणपाटावरचं एक फुंगू उचलून तिनं त्याच्या पिशवीत टाकलं आणि हजार शिलिंग मागितले. तिच्या अंगावर कांगा होता, तिथल्या बायका गुंडाळतात ते छापील सुती वस्त्र. त्याच्या एका टोकाला गाठ होती, त्यात तिचे स्वतःचे पैसे. त्यानं दिलेली नोट तिनं दुसऱ्या टोकाला वेगळ्या गाठीत बांधली.

तो पाहतच राहिला. न राहवून त्यानं विचारलं, "ताई, तुझेही टोमॅटो इथेच आहेत. मग तिचे का विकलेस?"

"तू नेहमी तिच्याकडूनच घेतोस ना? तू तिचं गिऱ्हाईक."

"पण तिला काय कळलं असतं?"

बाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, 2021 च्या जुलैत मंडईला आग लागली. रातोरात सगळं जळालं. माझा माल आत होता. सकाळी मी रस्त्यावर उभी होते आणि बीबी आपलं गोणपाट अंथरत होती. तिनं ते अर्धं गुंडाळलं आणि म्हणाली, इथे बस. स्वतःचं गिऱ्हाईक वाटून घेतलं तिनं. आता तिला कळेल का, याचा विचार मी कशाला करू?"

तरुणाला यार्डातले वडील आठवले. एखादा शेतकरी आला की वडील आधी त्याला बसवत, चहा मागवत, पाऊसपाणी, लेकीचं लग्न, सगळं विचारत. पोत्याला हात मागाहून. लहानपणी त्याला हा वेळेचा अपव्यय वाटे. भाव काढणं तेवढं त्यानं वडिलांकडून उचललं होतं. त्या अडतीवर गावोगावचे शेतकरी वर्षानुवर्षं डोळे झाकून माल का टाकत, हे त्याला आज परमुलखात उमगलं.

बीबी परत आली. तो वाकून म्हणाला, "शिकामो, बीबी."

"मराहाबा, बाळा," म्हातारी म्हणाली. मग तिनं गाव विचारलं, आई-वडिलांची तब्येत विचारली, इथलं उष्ण हवामान सोसतं का विचारलं. तोही बोलला. तिच्या गुडघ्यांचं, नातवंडांचं विचारलं. मग तिनं स्वतःच पिशवीत डोकावून पाहिलं आणि एक टोमॅटो वर टाकला. या वरच्या मालाला तिथे न्योंगेझा म्हणतात. तो मागून मिळत नसतो असं नाही, पण न मागता मिळाला तर त्याची गोष्ट वेगळी.

त्या दिवसापासून कारियाकोत त्याला हाका येऊ लागल्या. कुठली गल्ली कशाची, कुणाचा माल पहाटे येतो, कुठे खिसा सांभाळायचा, हे बाजारानंच त्याला सांगितलं. सुट्टे नसले तर "पुढच्या वेळी दे" असंही कुणी म्हणू लागलं. भाव तर पडलेच, पण त्यासाठी त्याला भांडावं लागलं नाही.

घासाघीस करण्यात गैर काही नाही. तो बाजाराचा धर्मच आहे. पण जो फक्त भाव पाडायला जातो, त्याला माल मिळतो, बाजारात जागा मिळत नाही. ज्या जमिनीवर एके काळी माणसांना जबरदस्तीनं दुसऱ्याचं ओझं वाहायला लावलं, तिथेच आज दोन गरीब बायका एकमेकींचं ओझं राजीखुशीनं उचलतात. हे बघायला भाषा लागत नाही, दोन मिनिटं थांबावं लागतं. म्हणून परक्या गावी जाल तेव्हा आधी माणसाची विचारपूस करा, मालाची मागाहून. आणि दूरच्या मुलखातून पोटासाठी आपल्या गावात येऊन बसलेल्या विक्रेत्यालाही भाव विचारण्याआधी एकदा विचारा, "कसे आहात?"